सव्वादोन वॅट

न्यूलिनच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या चढानं
तिची स्पिटफायर आज पुन्हा ढकलत आणली
मासळीबाजारातल्या दोन पोरांनी.
हिरवी, त्र्याहत्तरची, दारांच्या कडा खाऱ्या वाऱ्यानं कुरतडलेल्या.
मागून लव्हडे ट्रगीर, पर्स पोटाशी धरून,
शाळेत उशिरा पोचलेल्या मुलीसारखी ओशाळी.
"आठ महिन्यांत तिसरी बॅटरी, टॅमसिन.
ह्या गाडीला माझा हात मानवत नाही.
पास्को होता तेव्हा एकदा अडली नाही."

स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे अख्खं थोबाडच पुढं कलंडतं.
मग टायरवर बसून काम करता येतं. बसले.
बॅटरीला मीटर लावला: साडेबारा.
इंजिन सुरू: बारा पूर्णांक एक,
आणि चढायचं सोडून उतरतंय,
महिनाअखेरच्या पिठाच्या डब्यासारखं.

पट्टा अंगठ्यानं दाबला. ताठ.
अर्थची वेणी सोडली, घासली, बांधली. बाराच.
जाड तपकिरी वायर इंच इंच चाचपली.
अल्टरनेटर उतरवून ब्रश पाहिले: अजून दहा वर्षं जातील.
लोक म्हणतात त्या काळच्या विजेवर भरवसा नको.
मी म्हणते, आधी चालवणाऱ्याला विचारावं.

"नीट कधी चालते?"
"ट्रुरोला डॉक्टरकडे जाते ना, मोठ्या रस्त्यानं, तेव्हा.
गावातल्या गावात मरते.
माउझलला बहिणीकडे, चर्चला, पाव आणायला."

मी परत सगळं जोडलं, सुरू केली, पाय दाबला.
चार हजारांवर इंजिन किंचाळलं,
छपरावरचे सीगल उडाले,
आणि आकडा एकदम चौदावर.
पाय काढला. आकडा तिथंच.

बंद केली.
किल्ली पुन्हा अर्धीच फिरवली.
तेलाचा दिवा लागला.
शेजारचा लाल, चार्जिंगचा, मिटलेला.
"हा लागत नाही?"
"कधीच नाही. चांगलंच की.
लाल लागला की बिघाड, पास्को सांगायचा."

कसं सांगू हिला.
दूध पातेलंभर असो,
चमचाभर विरजणाशिवाय दही लागत नाही.
अल्टरनेटरला जागं व्हायला आधी चिमूटभर वीज उसनी लागते,
ती येते ह्याच दिव्याच्या तारेतून.
बोंब मारायला ठेवलेलाच विरजण घालतो;
तो मेला की बोंबही नाही, दहीही नाही.
कुणी दणकून पळवलीच
तर लोखंडात जुनी ओढ थोडी उरलेली असते,
तिच्यावर भागतं.

दिवा ओढून काढला. काच आतून काळी,
वर अशी धूळ की बोटाला चिकटेना, खरवडावी लागली.

लव्हडे बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.
"म्हणजे तो असतानाही?"
"असतानाही. त्याचा पाय जड होता."
"जड!" तिनं तोंडावर हात घेतला, हसू आवरेना.
"पाव आणायलासुद्धा आग लागल्यासारखा निघायचा.
मी डोळे गच्च मिटून बसायचे.
आणि मला म्हणायचा, तुला गाडी कळत नाही."

नवा बसवला. सव्वादोन वॅट, वाटाण्याएवढा,
कपभर चहाहून स्वस्त.
"आणि त्या बॅटऱ्यांचे पैसे?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मजुरी अर्धी लावली. तिनं पूर्ण दिली, सुटे मोजून.

किल्ली. लाल. सुरू. लाल गेला.
चौदा पूर्णांक एक.

माउझलच्या रस्त्याला लागली ती
ताशी वीस मैलांनी, दुसऱ्या गिअरमध्ये,
मागे मासळीची व्हॅन, टपालाची व्हॅन, पाहुण्यांच्या तीन गाड्या.
हॉर्न वळणापर्यंत ऐकू येत होते.
ती कुणाला बाजू देईना.